डिस्ट्रो बदलू नका, आधी एकदा रिस्टोअर करून बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला. जुन्या लॅपटॉपवर तुम्ही डेबियन हे डिस्ट्रो (लिनक्सचा एक तयार संच) टाकलंत, डॉकर कंपोजने (ॲप वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) इमिच हे घरच्या सर्व्हरवर चालणारं फोटोंचं ॲप उभं केलंत, यूएसबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (एकीवर लिहिलेलं सगळं दुसरीवरही लगेच लिहिलं जाईल अशा) जोडल्यात आणि घरातल्या सगळ्यांचे आठ वर्षांचे फोटो, साधारण ३०० जीबी, त्यात आणून ठेवलेत. रविवारी सगळं ताजं करायचं म्हणून कंपोज फाइलमधले आवृत्त्यांचे आकडे वाढवलेत. त्यात पोस्टग्रेसचा, म्हणजे इमिच ज्या डेटाबेसवर चालतं त्याचा, १४ चा १७ झाला. तेव्हापासून इमिच उघडत नाही आणि डेटाबेसचा कंटेनर सारखा पडतोय, पुन्हा उठतोय. आता तुम्ही विचारताय की असं होऊ नये म्हणून कोणतं डिस्ट्रो घ्यावं, की तयार नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवणारं यंत्र) आणावा, की हे आपलं काम नव्हे म्हणून पुन्हा क्लाऊडवर जावं.

आधी तातडीचं. फोटो बहुतेक सुखरूप आहेत आणि डेटाबेससुद्धा. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीची डिस्कवर माहिती मांडण्याची पद्धत वेगळी असते. १७ ला समोर १४ ने तयार केलेलं फोल्डर दिसलं, की तो लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो आणि चालू व्हायला नकार देतो. आतल्या फाइलींना तो हात लावत नाही. तुमच्या लॉगमध्ये ‘फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत’ अशा अर्थाची ओळ असेल, तर तुमचं नुकसान झालेलं नाही, फक्त दार अडलंय.

तेव्हा सगळे कंटेनर थांबवा आणि डेटाबेसचं फोल्डर जसंच्या तसं, परवानग्यांसकट, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ती कॉपी झाल्यावरच कंपोज फाइलमध्ये डेटाबेसची जुनी ओळ परत टाका. नेमकी तीच ओळ हवी, नुसतं ‘पोस्टग्रेस १४’ चालणार नाही, कारण इमिचच्या डेटाबेसच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या साच्यात) फोटो शोधण्यासाठी लागणारं व्हेक्टरचं एक्स्टेन्शन असतं आणि साध्या पोस्टग्रेसमध्ये ते नसतं. जुनी ओळ आठवत नसेल तर डॉकरला मशिनवरच्या इमेजची यादी विचारा. जुनी इमेज अजून तिथेच पडलेली असते, आपोआप जात नाही. या काळात दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. कंपोज डाऊनला, म्हणजे सगळे कंटेनर थांबवणाऱ्या आज्ञेला, व्हॉल्यूम (डेटाची साठवण) पुसणारा पर्याय जोडू नका. आणि कुणी ‘डेटाबेसचं फोल्डर उडवून टाका, नवं तयार होतं’ असं सांगितलं तर ऐकू नका. नवं फोल्डर तयार होतं हे खरं, पण ते रिकामं असतं.

१७ वर जायचंच असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे: जुन्या आवृत्तीतून डंप (डेटाबेसमधल्या सगळ्या माहितीची एका फाइलमधली नक्कल) काढायचा आणि नव्या रिकाम्या आवृत्तीत तो भरायचा. पण इमिच चालवणाऱ्याला ती घाई करायचं कारण नाही. ॲपने जी आवृत्ती सांगितली आहे तीच ठेवावी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही डिस्ट्रोबद्दल विचारलंत, पण रविवारी तुम्हाला घाम फुटला तो डेबियनमुळे नाही. ‘हे बिघडलं तर परत कसं उभं करायचं’ हे तुम्ही एकदाही करून पाहिलेलं नव्हतं, म्हणून तो फुटला. घरचा सर्व्हर चालवणं म्हणजे इन्स्टॉल करणं अशी आपली सुरुवातीला समजूत असते, कारण सगळी मार्गदर्शनं तिथेच संपतात. ॲप चालू झालं, मोबाइलवर फोटो दिसले, आता झालं. मी अकरा वर्षं घरी हे सगळं चालवतेय आणि माझं मत आता पक्कं आहे: ज्या सेवेचा रिस्टोअर तुम्ही स्वतः करून पाहिलेला नाही, तिच्यात एकमेव प्रत असलेली कोणतीही गोष्ट ठेवू नये.

हे मी शिकले त्याची किंमत अजून मनातून जात नाही. इमिचच्या आधी मी दुसरं एक फोटोंचं ॲप वापरायचे. आजीकडचे जुने छापील फोटो स्कॅन करून त्यात घातले होते आणि तिच्या शेजारी बसून प्रत्येक चेहऱ्याला नाव दिलं होतं. कितीतरी चेहरे असे होते की त्यांना ओळखणारी ती एकटीच उरली होती. रोज रात्री माझी एक छोटी स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप काढून जीझिपने दाबून ठेवायची. फाइल रोज तयार व्हायची, तारीख रोज नवी असायची. मग मुख्य डिस्क गेली. फोटोंच्या फाइली बॅकअपमधून आल्या. डंपची फाइल उघडायला गेले तर ती २० बाइटची.

जीझिपला काहीच दिलं नाही तरी तो रिकामी पण व्यवस्थित फाइल बनवतो आणि ती २० बाइटची असते. काही महिन्यांपूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, तो स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. डंपची आज्ञा रोज अपयशी ठरत होती. पण शेलमध्ये पाइपने जोडलेल्या (एकीचं उत्पादन पुढचीला देणाऱ्या) आज्ञांचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो आणि शेवटची आज्ञा, म्हणजे जीझिप, रोज यशस्वी होत होती. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल (कोणतीही एक आज्ञा फसली तरी अपयश कळवणारा पर्याय) चालू करणारी एक ओळ असती तर पहिल्याच रात्री मला कळलं असतं. तोवर आजी राहिली नव्हती. फोटो आहेत, पण त्यातल्या अनेकांची नावं आता कुणालाच माहीत नाहीत.

मोठ्या, पगारी टीमच्या बाबतीतही हे घडतं. गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने ३१ जानेवारी २०१७ ला चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. मग कळलं की त्यांचा नेहमीचा डंप कित्येक दिवस निघतच नव्हता: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डंप काढणारं साधन ९.२ चं चालत होतं. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणीची प्रत) होता, त्यावरून ते सावरले. हे सगळं त्यांनी जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं. तुमचा घोळ आणि त्यांचा घोळ दोन्हीकडे पोस्टग्रेसच्या आवृत्त्याच होत्या, हे लक्षात घ्या आणि स्वतःला फार दोष देऊ नका.

आता रेड. तुमच्या प्रश्नात ‘रेड आहे म्हणून निर्धास्त होतो’ असं वाक्य आहे, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. रेडची कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं, एवढंच ती देते. तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत तर रेड ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी इमानेइतबारे पुसतं. त्यात यूएसबीच्या डिस्क म्हणजे केबल जराशी हलली की एक डिस्क गायब, मग कित्येक तास दोन्हींची पुन्हा जुळवाजुळव. घरच्या सर्व्हरला फोटो दोन तास दिसले नाहीत तर काही बिघडत नाही. पुसलेले फोटो परत मिळाले नाहीत तर बिघडतं. म्हणून मी तुमच्या जागी असते तर रेड मोडून टाकलं असतं. एक डिस्क रोजच्या कामाला, दुसरी बॅकअपला. तेवढ्याच डिस्क, पण संरक्षण कितीतरी जास्त. मोडण्याआधी अर्थातच एका तिसऱ्या, उसन्या का होईना, डिस्कवर सगळ्याची प्रत घ्या.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझ्याकडे तो असा चालतो. रात्री आधी डेटाबेसचा डंप निघतो. इमिच स्वतःही रोज डंप काढून आपल्या फोल्डरमध्ये ठेवतं, तुमच्याकडे तो पर्याय चालू आहे का आणि फाइलींचा आकार पटण्यासारखा आहे का ते आजच बघा. पण तो डंप फोटोंच्याच डिस्कवर असतो, त्यामुळे त्याला पूर्ण बॅकअप म्हणता येत नाही. डंपनंतर रेस्टिक हे बॅकअपचं साधन फोटो, डंप, कंपोज फाइल आणि एनव्ही फाइल (ॲपच्या सेटिंग्जची) असं सगळं दुसऱ्या डिस्कवर नेतं. रेस्टिक आधीच कूटबद्ध करतं आणि फक्त बदललेले तुकडे पाठवतं, त्यामुळे रोज चालवायला जड जात नाही. तिसरी प्रत दर महिन्याला एका डिस्कवर घेऊन ती नातेवाइकांकडे ठेवते आणि त्यांच्याकडची आधीची डिस्क परत आणते. नेटवरून बाहेर पाठवायचं तर तुमचा अपलोडचा वेग बघा. १० एमबीपीएस असेल तर ३०० जीबी जायला जवळपास तीन दिवस अखंड लागतात. पहिल्यांदाच तेवढं जातं, पुढे रोजचं थोडंच असतं.

यात दोन खाचा आहेत आणि दोन्हींत मी पाय घातलेला आहे. पहिली म्हणजे रेस्टिकचा पासवर्ड. तो हरवला तर बॅकअप कायमचा गेला, त्याला मागचं दार नाही. तो फक्त पासवर्डच्या तिजोरीत ठेवला आणि ती तिजोरी त्याच सर्व्हरवर असली, तर किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप अशी गत होते. मी तो कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवलाय.

दुसरी खाच माउंटची, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडण्याची. बॅकअपची डिस्क एखाद्या दिवशी जोडलीच गेली नाही, तर तिच्या नावाचं रिकामं फोल्डर मात्र मुख्य डिस्कवर असतंच. आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) चालवत असाल तर ते बिनतक्रार त्याच फोल्डरमध्ये लिहीत सुटतं, मुख्य डिस्क काठोकाठ भरते आणि सकाळी सगळंच बंद पडलेलं असतं. म्हणून स्क्रिप्टने आधी डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे तपासावं आणि नसेल तर तिथेच थांबून मोबाइलवर निरोप पाठवावा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) डिस्कचं नाव न देता यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या आणि नोफेल हा पर्याय लावा, म्हणजे डिस्क नसली तरी लॅपटॉप निदान सुरू तरी होईल.

आता रिस्टोअर, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले. एखादा दुसरा संगणक घ्या किंवा व्हर्च्युअल मशिन उभं करा. हातात फक्त बॅकअपची डिस्क आणि तो कागद. सर्व्हरला हात लावायचा नाही, तो जळून गेला असं समजायचं. आणि तिथे इमिच पुन्हा उभं करायचं. पहिल्यांदा मला याला अख्खा दिवस लागला, कारण कंपोज आणि एनव्ही फाइली बॅकअपमध्ये घेतल्याच नव्हत्या आणि डंप भरण्याचा क्रम मी चुकवला: आधी इमिच चालू केलं, त्याने रिकामे तक्ते तयार केले आणि डंप त्यांच्यावर आपटत राहिला. आता डेटा कॉपी होण्याचा वेळ सोडला तर तासाभरात होतं, कारण प्रत्येक पायरी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली आहे आणि ती फाइलसुद्धा बॅकअपमध्ये जाते. उभं झाल्यावर नुसतं मुख्य पान बघून थांबू नका. सगळ्यात जुना फोटो उघडा, कालचा उघडा, एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का बघा, अल्बम आणि चेहऱ्यांची नावं आहेत का बघा. मी हे वर्षातून दोनदा करते. मधल्या काळात रेस्टिकला साठ्याचा थोडा थोडा भाग प्रत्यक्ष वाचून तपासायला लावते.

याला जोडून एक गोष्ट आवर्जून करा. इमिचमध्ये स्टोरेज टेम्प्लेट नावाची सोय आहे. ती चालू केली की मूळ फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत, समजतील अशा नावांनी बसतात. नाहीतर ते लांबलचक सांकेतिक नावांच्या फोल्डरांत विखुरलेले राहतात. उद्या इमिच बंद पडलं, किंवा तुम्हीच दुसरीकडे गेलात, तरी कुणालाही फोल्डर उघडून फोटो बघता आले पाहिजेत. चेहऱ्यांची नावं मी आता डिजिकॅम या फोटोंच्या ॲपमधून थेट फोटोच्या मेटाडेटात (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) लिहिते. डेटाबेस गेला तरी नाव फोटोबरोबर राहतं.

डिस्ट्रोबद्दल थोडक्यात, कारण तुमची निवड चांगलीच आहे. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतं (आवृत्ती क्र. १२ ही जून २०२३ मध्ये आली, क्र. १३ ही ऑगस्ट २०२५ मध्ये) आणि एलटीएस (लांबवलेला आधार) धरून एका आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. घरच्या सर्व्हरला हा संथपणा मानवतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं मागचं दार सापडलं. एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पाठपुरावा करताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना ते दिसलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या शाखांपर्यंत पोचल्या होत्या, स्टेबलपर्यंत पोचल्या नव्हत्या. अगदी ताजं ते सगळ्यात सुरक्षित, हे नेहमीच खरं नसतं.

अपडेटचं मात्र दोन भागांत बघा. डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोपवा, त्या आपोआप येऊ द्या. कंटेनरमधल्या ॲप्सना, विशेषतः ज्यांच्यामागे डेटाबेस आहे त्यांना, आपोआप अपडेट करणारी साधनं लावू नका आणि ‘लेटेस्ट’ हा टॅग (इमेजच्या आवृत्तीची खूण) वापरू नका. नेमका आकडा लिहा. बदलायच्या आधी रिलीझ नोट्स वाचा, डंप काढा, जुना आकडा लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच ॲप. इमिचच्या नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना एकदा पुढे नेली की मागे यायचा भरवशाचा रस्ता म्हणजे तो डंप. नेक्स्टक्लाऊडही (घरच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचं ॲप) लावायचा विचार असेल तर त्यात मोठ्या आवृत्त्या गाळून उडी मारता येत नाही, एकेक चढावं लागतं. म्हणून वर्षभर दुर्लक्ष करून मग एकदम अपडेट करणं त्यात फार त्रासाचं होतं.

विचारलं नाहीत तरी सांगते, कारण हे उघडं राहिलेलं मी अनेकांकडे पाहिलंय. डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची दारं) यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देतात. तुम्हाला वाटतं फायरवॉलने बंद केलंय आणि पोर्ट उघडाच असतो. ज्या सेवा त्या मशिनपुरत्याच हव्यात, त्यांचा पोर्ट कंपोजमध्ये १२७.०.०.१ ला बांधा. बाहेरून फोटो बघायचे तर राउटरवर इमिचचा पोर्ट उघडण्यापेक्षा वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरू देणारं व्हीपीएन) लावा. २०२० पासून, कर्नल ५.६ पासून, ते लिनक्समध्येच आहे. आणि लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का बघा आणि महिन्यातून एकदा बॅटरी फुगली तर नाही ना, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा.

नॅस की क्लाऊड, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. नॅस घेतला तर डिस्क बसवणं, बदलणं सोपं होतं, पण बॅकअप आणि रिस्टोअरचं काम तसंच उरतं. क्लाऊडवर गेलात तर हार्डवेअरची काळजी मिटते, पण खातं बंद झालं किंवा चुकून काही पुसलं गेलं तर स्वतःची प्रत हवीच. स्वतःला एवढं विचारा: तुम्ही आठवडाभर घरी नसताना हे बंद पडलं तर घरात कुणाला ते चालू करता येईल का? महिन्याला दोन-तीन तास यासाठी मनापासून देता येतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर फोटो क्लाऊडवर ठेवा आणि घरच्या लॅपटॉपवर त्यांची बॅकअप प्रत ठेवा. तोही पूर्ण मान्य असा मार्ग आहे. उत्तर ‘हो’ असेल तरी मी सांगेन की दोन रिस्टोअर यशस्वी होईपर्यंत क्लाऊडमधलं काहीही पुसू नका. माझ्या बहिणीकडे आम्ही सहा महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवलं आणि मगच एक बंद केलं.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळा. डेटाबेसच्या कंटेनरच्या लॉगमधल्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी आणि कंपोज फाइल, पासवर्ड काढून, इथे चिकटवा. आवृत्ती न जुळण्याची ती ओळ त्यात असेल तर जुना टॅग परत टाकल्यावर दहा मिनिटांत इमिच उघडायला हवं. ओळ वेगळीच असेल तर काही करायच्या आधी मला दाखवा. तोवर फोल्डरची कॉपी पूर्ण होऊ द्या आणि ती होईपर्यंत कोणताही कंटेनर चालू करू नका.